जंतांसाठी रक्त तपासणी: कोणती करायची, केव्हा करायची आणि रिपोर्ट किती धरायचा

‘जंत आहेत का ते बघायला रक्त तपासून घ्या’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या नमुन्याकडे नेतो. आतड्यात राहणाऱ्या जंतांची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, रक्तात उतरत नाहीत. गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी आणि पट्टकृमी या चौघांचे निदान आजही शौच तपासणीवरच होते. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत शौचात कधीच सापडत नाहीत. ते रक्तात असतात, आणि तेही ठरावीक वेळी. मेंदूतल्या किंवा यकृतातल्या गाठीत बसलेला जंत शौचातही नसतो आणि रक्तातही नसतो. तिथे रक्तातून मोजता येतो तो शरीराने त्याला केलेला प्रतिकार.

म्हणून ‘ही तपासणी किती टक्के अचूक?’ या प्रश्नाला एक आकडा नाही. कोणता जंत, तो शरीरात कुठे आहे, लागण होऊन किती आठवडे झाले आणि नमुना किती वाजता घेतला, या चार गोष्टी ठरल्याशिवाय लॅबच्या कागदावरच्या ‘पॉझिटिव्ह’ला फारसा अर्थ राहत नाही.

पायरी पहिली: रक्तात नेमके काय शोधायचे ते ठरवा

रक्तात शोधण्यासारख्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारींची किंमत वेगळी आहे.

पहिली म्हणजे खुद्द जंत. हत्तीरोगाचे (फायलेरियाचे) मायक्रोफायलेरिया, म्हणजे सूक्ष्म अळ्या, सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की निदान पक्के, त्यावर वाद नाही. दुसरी म्हणजे अँटीजेन, जिवंत जंताने रक्तात सोडलेला पदार्थ. तो सापडला तर जंत आत्ता शरीरात आहे, किंवा काही काळापूर्वीपर्यंत होता. तिसरी म्हणजे अँटीबॉडी, शरीराने जंताविरुद्ध बनवलेले प्रथिन. शरीराची त्या जंताशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच ती सांगते. गाठ मागच्या महिन्यात पडली की पंधरा वर्षांपूर्वी, हे ती सांगत नाही. चौथ्या गटात ईओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), आयजीई (एक प्रकारची अँटीबॉडी), हिमोग्लोबिन यांसारख्या खाणाखुणा येतात. त्या संशय वाढवतात, पण जंताचे नाव सांगत नाहीत.

लॅबच्या यादीत या तपासण्या जवळजवळ सारख्याच नावांनी येतात. ‘फायलेरिया अँटीजेन’ आणि ‘फायलेरिया अँटीबॉडी’ शेजारी-शेजारी छापलेल्या असतात आणि दरही जवळपास असतो. चिठ्ठीवर फक्त ‘फायलेरिया टेस्ट’ लिहिले असेल तर काउंटरवर विचारून घ्या. तीन-चार प्रकारांच्या अँटीबॉडी एकत्र बांधून विकल्या जाणाऱ्या ‘पॅरासाइट पॅनेल’ पॅकेजांपासून शक्यतो दूर राहा. कोणताही विशिष्ट संशय नसताना केलेल्या अशा तपासण्या खोटे पॉझिटिव्हच जास्त देतात. बोट टोचून ताजे रक्त पडद्यावर दाखवत ‘हे बघा जंत’ म्हणणाऱ्या शिबिरांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. आतड्यातला जंत तसा दिसत नाही. दिसतात ते तुटलेल्या पेशींचे तुकडे, फायब्रिनचे (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे) धागे आणि काचेवरची धूळ.

पायरी दुसरी: सीबीसी नीट वाचा

बहुतेकांच्या हाती पहिला कागद येतो तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा. त्यात ईओसिनोफिल टक्क्यांत छापलेले असतात आणि तिथेच पहिली चूक होते. टक्का बघू नका, एकूण संख्या काढा: पांढऱ्या पेशींची संख्या गुणिले ईओसिनोफिलचा टक्का, भागिले १००.

पांढऱ्या पेशी ८,२०० आणि ईओसिनोफिल ९ टक्के असतील तर संख्या ७३८ येते, म्हणजे वाढलेली. पांढऱ्या पेशी ४,५०० असतील तर त्याच ९ टक्क्यांची संख्या ४०५ होते, म्हणजे नेहमीच्या मर्यादेत. प्रति मायक्रोलिटर ५०० च्या वर वाढलेली आणि १,५०० च्या वर बरीच वाढलेली धरतात.

जंत ऊतींमधून प्रवास करत असतात तेव्हा ईओसिनोफिल वाढतात. गोलकृमीच्या अळ्या फुप्फुसांतून जातात त्या दिवसांत संख्या चढते, खोकला येतो, आणि नेमके तेव्हाच शौच तपासणी निगेटिव्ह येते, कारण मादी अंडी घालू लागायला लागण झाल्यापासून दोन ते तीन महिने लागतात. अंडी सापडू लागतात तोवर ईओसिनोफिल बऱ्याचदा खाली आलेले असतात. सुतकृमीत ते सहसा वाढतच नाहीत. मेंदूतल्या सिस्टिसर्कसमध्ये (डुकराच्या पट्टकृमीच्या अळीची गाठ) आणि न फुटलेल्या हायडॅटिड गाठीतही (कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अळीची द्रवाने भरलेली गाठ) बऱ्याच वेळा नॉर्मल असतात. थोडक्यात, नॉर्मल ईओसिनोफिल पाहून जंत नाहीत असा निष्कर्ष काढता येत नाही.

उलट बाजूने, दमा, ॲलर्जी, इसब आणि कित्येक औषधे ईओसिनोफिल वाढवतात. स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन ते काही तासांत खाली आणते. अंगात जिवाणूंचा ताजा संसर्ग असला तरी ते घटतात. शिवाय दिवसभरात संख्या वरखाली होते: रात्री जास्त, दुपारच्या आधी कमी. तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा साधारण एकाच वेळी रक्त द्या.

एकूण आयजीईबद्दल थोडक्यात सांगायचे तर जंतांत तो वाढतो आणि ॲलर्जीतही वाढतो. एकट्या आयजीईवरून जंतांचे औषध घेऊ नये.

हिमोग्लोबिन मात्र दुर्लक्षिले जाते, आणि ते जायला नको. अंकुशकृमी आतड्याच्या आवरणाला चिकटून रक्त पितो. नेकेटर जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर आणि अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल जातीचा साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिलिटर रक्त घालवतो. शे-दीडशे जंत असले आणि आहारात लोह कमी असले की काही महिन्यांत रुग्ण पांढरा पडतो. अनवाणी शेतात काम करणाऱ्या माणसाचे हिमोग्लोबिन कमी, लाल पेशी आकाराने लहान, फेरिटिन (लोहाचा साठा) कमी आणि वर ईओसिनोफिल वाढलेले असतील, तर फक्त लोहाच्या गोळ्या लिहून थांबू नये. शौच तपासावी.

पायरी तिसरी: टक्केवारीचा हिशेब समजून घ्या

किटच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. लागण झालेल्या शंभरांपैकी किती जणांना ही तपासणी पकडते, ती संवेदनशीलता. लागण नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती निगेटिव्ह म्हणते, ती विशिष्टता. दोन्ही ९० टक्के असल्या तर तपासणी चांगली वाटते. आता ती दोन ठिकाणी वापरून पाहू.

एका गावात १,००० पैकी ३०० जणांना लागण आहे. तपासणी त्यातल्या २७० जणांना पकडेल आणि उरलेल्या निरोगी ७०० पैकी ७० जणांना चुकून पॉझिटिव्ह म्हणेल. ३४० पॉझिटिव्हपैकी २७० खरे, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के. आता असे शहर घ्या जिथे १,००० पैकी १० जणांनाच लागण आहे. पकडले जातील ९. निरोगी ९९० पैकी ९९ जण चुकून पॉझिटिव्ह येतील. १०८ पॉझिटिव्हपैकी खरे फक्त ९, म्हणजे सुमारे ८ टक्के. किट तेच, लॅब तीच.

यावरून एक नियम निघतो: लक्षण नाही, संबंधित भागात राहणे नाही, खाण्यापिण्यातून किंवा मातीतून संपर्क नाही, अशा माणसाने अँटीबॉडीची तपासणी करूच नये. आणि या हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. बाहेरून आलेल्या किटची कट-ऑफ पातळी, म्हणजे जिच्या वर रिपोर्ट पॉझिटिव्ह धरतात ती रेषा, बऱ्याचदा जंतांशी कधी संपर्क न आलेल्या लोकांवर ठरवलेली असते. आपल्याकडे लहानपणी जंत होऊन गेलेले लोक असंख्य आहेत. त्यांच्या रक्तात जुन्या अँटीबॉडी असतात आणि त्या एकमेकांच्या तपासण्यांत घुसतात: हत्तीरोगाच्या अँटीबॉडी स्ट्राँगिलॉइडच्या (मातीतून लागणारा आतड्यातला बारीक जंत) तपासणीत, सिस्टिसर्कसच्या हायडॅटिडच्या तपासणीत, गोलकृमीच्या टॉक्सोकाराच्या (कुत्र्या-मांजरांचा गोलकृमी) तपासणीत. यालाच क्रॉस-रिॲक्शन म्हणतात, आणि खोट्या पॉझिटिव्हचे आपल्याकडचे हे सर्वांत मोठे कारण.

हत्तीरोग: इथे रक्तच हवे, पण वेळ गाठून

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागांत हत्तीरोग नवा नाही. आपल्याकडे तो जवळपास सगळा वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या जंताचा, क्युलेक्स डासातून पसरणारा. त्याचे मायक्रोफायलेरिया दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री त्वचेजवळच्या रक्तात येतात, कारण डासही रात्रीच चावतो. सर्वांत जास्त संख्या रात्री १० ते २ च्या दरम्यान. सकाळी ९ वाजता घेतलेल्या रक्तात ते दिसले नाहीत तर त्या निगेटिव्ह रिपोर्टला काडीची किंमत नाही. हत्तीरोग पथके रात्री साडेआठनंतर दारोदार फिरतात ती याचसाठी. त्यांना बोट टोचू द्या.

रात्रीच्या रक्ताचा नमुना असा घेतात. बोट स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायचे, मग टोचायचे. पहिला थेंब पुसून टाकून २० मायक्रोलिटर रक्त काचपट्टीवर घ्यायचे आणि जाडसर पसरायचे. ते आडवे ठेवून, माशा-मुंग्यांपासून जपून रात्रभर वाळवायचे. दुसऱ्या दिवशी काचपट्टी काही मिनिटे साध्या पाण्यात बुडवली की लाल पेशी फुटून रंग निघून जातो. मग जेएसबी किंवा गिम्सा या रंगद्रव्याने रंगवून पाहायचे. इथे तीन ठिकाणी बिघडते. थेंब नीट वाळला नसेल तर पाण्यात निघून जातो आणि जंत त्याच्याबरोबर जातात. काचपट्टी बरेच दिवस तशीच पडून राहिली तर रक्त घट्ट बसते आणि रंग उतरत नाही. आणि २० मायक्रोलिटर म्हणजे फारच थोडे रक्त. मिलिलिटरला पाच-दहा मायक्रोफायलेरिया असतील तर ते त्यात येतीलच असे नाही. मोठ्या लॅबमध्ये १ मिलिलिटर रक्त बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून बघतात, ते केव्हाही सरस.

रात्र टाळायची असेल तर अँटीजेनची पट्टी आहे. प्रौढ जंताने सोडलेला अँटीजेन दिवसाही रक्तात असतो. फायलेरिया टेस्ट स्ट्रिपला बोटातले ७५ मायक्रोलिटर रक्त लागते आणि ती बरोबर १० व्या मिनिटाला वाचायची असते. उशीर केला की पुसट रेघ उमटते आणि निरोगी माणूस पॉझिटिव्ह ठरतो. सामूहिक तपासणीत एकाच वेळी वीस पट्ट्या मांडल्या की नेमके हेच होते. म्हणून प्रत्येक पट्टीवर रक्त टाकल्याची वेळ लिहा. कंट्रोलची रेघ (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) आली नाही तर निकाल निगेटिव्ह नव्हे, रद्द समजा.

या पट्टीच्या मर्यादा ठाऊक हव्यात. ती बँक्रॉफ्टी ओळखते, केरळच्या काही भागांत आढळणारा ब्रुजिया मलायी ओळखत नाही. त्यासाठी आयजीजी-४ अँटीबॉडीची वेगळी पट्टी असते. औषध घेतल्यावरही अँटीजेन महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे टिकतो. आणि पाय सुजून कातडी जाड झालेल्या जुन्या रुग्णांत मायक्रोफायलेरिया आणि अँटीजेन दोन्ही बहुधा निगेटिव्ह येतात, कारण जंत मरून गेलेले असतात आणि मागे राहते ते लसिकावाहिन्यांचे नुकसान. अशा रुग्णाला ‘रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे हा हत्तीरोग नाही’ असे सांगणे साफ चूक आहे.

मायक्रोफायलेरिया दिवसाही रक्तात यावेत म्हणून डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाची ५० ते १०० मिलिग्रॅमची मात्रा देऊन ३० ते ६० मिनिटांनी रक्त घेण्याची जुनी पद्धत आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी, आणि मध्य किंवा पश्चिम आफ्रिकेत राहून आलेल्या माणसावर आधी चौकशी केल्याशिवाय होऊ नये. कॅमेरून, गॅबन, काँगो या देशांत लोआ लोआ नावाचा जंत आहे. त्याचे मायक्रोफायलेरिया भर दुपारी रक्तात येतात; ते फार मोठ्या संख्येने असतील तर डीईसी किंवा आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधांनी मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. भर म्हणून हाच जंत वरच्या अँटीजेनच्या पट्टीलाही कधीकधी फसवून पॉझिटिव्ह करतो. त्या देशांत नोकरी करून आलेल्यांनी सकाळी १० ते दुपारी २ दरम्यान रक्त तपासून घ्यावे, औषध त्यानंतर.

आणखी एक रूप दम्याच्या नावाखाली वर्षानुवर्षे लपून राहते: रात्री उसळणारा कोरडा खोकला, छातीत घरघर, ईओसिनोफिल ३,००० च्या वर, आयजीई १,००० च्या वर. हा ट्रॉपिकल पल्मनरी ईओसिनोफिलिया. यात रक्तात मायक्रोफायलेरिया सापडत नाहीत, कारण शरीर त्यांना फुप्फुसांतच मारते. फायलेरियाच्या अँटीबॉडी मात्र खूप वाढलेल्या असतात, आणि अँटीबॉडी तपासणीचा खरा उपयोग होतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक. डीईसी २१ दिवस, दर किलो वजनामागे रोज ६ मिलिग्रॅम, या उपचाराने खोकला आणि ईओसिनोफिल दोन्ही उतरतात. तो प्रतिसाद निदानाचाच भाग मानतात.

मेंदूतला सिस्टिसर्कस: निगेटिव्ह रक्ताने सुटका होत नाही

तरुण माणसाला पहिल्यांदाच फिट आली आणि स्कॅनमध्ये छोटे कडे (कड्यासारखी गोल गाठ) दिसले की रक्ताची सिस्टिसर्कस तपासणी सांगितली जाते. इथे दोन तपासण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शुद्ध केलेल्या ग्लायकोप्रोटीनवर केलेला ईआयटीबी हा इम्युनोब्लॉट (जंताच्या ठरावीक प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी पट्टीवर दाखवणारी तपासणी) १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूत दोन किंवा अधिक जिवंत गाठी असतील तर तो जवळपास ९८ टक्के रुग्ण पकडतो आणि विशिष्टता १०० टक्क्यांच्या आसपास आहे. साधी एलायझा (रंग बदलून अँटीबॉडी मोजणारी तपासणी), विशेषतः जंताच्या कच्च्या अर्कावर बनवलेली, खोटे पॉझिटिव्ह आणि खोटे निगेटिव्ह दोन्ही देते. अमेरिकेतल्या संसर्गरोग आणि उष्णकटिबंधीय वैद्यक या दोन संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनी कच्च्या अर्काची ही एलायझा वापरू नये असेच सांगितले आहे.

अडचण अशी की भारतातल्या बहुतेक रुग्णांना एकच गाठ असते, आणि तीही मरणपंथाला लागलेली. एक गाठ किंवा फक्त कॅल्शियम साचलेल्या जागा असल्या की ईआयटीबीसुद्धा निम्म्याच्या आसपास रुग्ण पकडतो. म्हणून स्कॅन हाच पाया. एमआरआयमध्ये गाठीच्या आत जंताचे डोके ठिपक्यासारखे दिसले तर निदान पक्के. जुन्या कॅल्शियमच्या जागा सीटीवर चांगल्या दिसतात. कडे क्षयाचे आहे की सिस्टिसर्कसचे, हा प्रश्न आपल्याकडे रोजचा. वेल्लोरच्या डॉक्टरांनी घालून दिलेल्या निकषांत २० मिलिमीटरपेक्षा लहान कडे, मेंदू एका बाजूला न सरकलेला आणि दाब वाढल्याची चिन्हे नसणे हे सिस्टिसर्कसच्या बाजूने धरतात.

‘आम्ही शाकाहारी आहोत, आम्हाला हे कसे होईल’ हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. कच्चे डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठी होतात त्या पट्टकृमीची अंडी पोटात गेल्याने: न धुतलेली कोथिंबीर, दूषित पाणी, किंवा घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचे हात. त्यामुळे रुग्णाबरोबर घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करावी.

यकृतातली हायडॅटिड गाठ

मेंढ्या आणि कुत्री एकत्र असतात तिथे ही आढळते. आधी सोनोग्राफी, मग रक्त, हा क्रम बदलू नये. यकृतातल्या गाठीत अँटीबॉडी साधारण ८५ ते ९५ टक्के रुग्णांत सापडतात, फुप्फुसातल्या गाठीत त्याहून बऱ्याच कमी. गाठीची भिंत अखंड असेल तर शरीराला आतल्या पदार्थाची वर्दीच लागत नाही आणि रक्त निगेटिव्ह येते. गाठ वाळून कॅल्शियम धरला असेल तरीही तसेच. निगेटिव्ह आले म्हणून ‘साधे पाणी असेल, सुई घालून बघू’ असे कुणी म्हणाले तर थांबवा. तयारी नसताना गाठ टोचली आणि आतला द्रव पोटात सांडला तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते आणि नव्या गाठीही रुजतात.

स्ट्राँगिलॉइड: रक्त तपासणी जिथे शौचापेक्षा सरस

हा जंत अंड्यांऐवजी अळ्या सोडतो, त्याही थोड्या आणि रोज नाही. एका शौच नमुन्यात अर्ध्याहून अधिक रुग्ण निसटतात. रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडीच्या एलायझाची संवेदनशीलता बहुतेक किटमध्ये ८० ते ९५ टक्के आहे. शिवाय हा जंत शरीरातल्या शरीरात स्वतःची लागण चालू ठेवतो, त्यामुळे तीस वर्षांपूर्वी शेतातून लागलेला आजही जिवंत असू शकतो.

त्याची तपासणी खरी महत्त्वाची होते ती स्टिरॉइड, किमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणाच्या आधी. प्रतिकारशक्ती दाबली गेली की अळ्या अंगभर पसरतात आणि त्यातून मृत्यू येऊ शकतो. म्हणून क्रम असा: ईओसिनोफिल वाढलेले असोत वा नसोत, आधी आयजीजी, जोडीला शौचाचे तीन नमुने, शक्य असल्यास अगार प्लेटवर (जेलीसारख्या थरावर) कल्चर. कल्चरचा नमुना फ्रीजमध्ये ठेवू नका, अळ्या मरतात. स्टिरॉइड तातडीने सुरू करायचेच असेल तर धोका असलेल्या रुग्णाला रिपोर्टची वाट न पाहता आयव्हरमेक्टिन देण्याचा निर्णय डॉक्टर घेतात, आणि तो रास्त आहे. प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली असेल तर अँटीबॉडी बनतच नाहीत. तिथे निगेटिव्ह आयजीजीवर विसंबू नये. अंगभर पसरलेल्या अवस्थेत ईओसिनोफिलही बऱ्याचदा कमी असतात.

परदेशातून आलेल्यांसाठी शिस्टोसोमा

शिस्टोसोमा हा गोड्या पाण्यातून त्वचेवाटे शिरून रक्तवाहिन्यांत राहणारा जंत. महाराष्ट्राचा याच्याशी जुना संबंध आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांत हा आजार १९५० च्या दशकात नोंदला गेला होता. आज तो आपल्याकडे दिसतो तो मुख्यतः आफ्रिकेत तळ्या-नद्यांत उतरलेल्यांत. परतल्यावर लगेच रक्त देऊ नका. शेवटच्या पाण्याच्या संपर्कानंतर अँटीबॉडी तयार व्हायला ६ ते १२ आठवडे लागतात. आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट खोटा दिलासा देतो. लघवीचा नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतला आणि शेवटच्या थेंबांसह द्यावा, कारण अंडी त्या वेळी आणि त्या थेंबांत जास्त असतात.

शौच तपासणी नीट कशी करवून घ्यावी

पोटातल्या जंतांसाठी खरी तपासणी हीच, आणि ती हलगर्जीपणाने होते म्हणून बदनाम आहे.

दहा दिवसांच्या आत, एक दिवस आड असे तीन नमुने द्या. प्रत्येक वेळी ५ ते १० ग्रॅम, कोरड्या रुंद तोंडाच्या डबीत, लघवी किंवा कमोडचे पाणी न लागलेले. बेरियमचा एक्स-रे झाला असेल तर आठ-दहा दिवस थांबा. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचत नसेल तर १० टक्के फॉर्मालिनची डबी मागून घ्या. नमुन्याच्या तिप्पट फॉर्मालिन, नीट ढवळून. डबी दिवसभर गरम खोलीत राहिली तर अंकुशकृमीची अंडी उबून अळ्या बाहेर पडतात आणि त्या स्ट्राँगिलॉइडच्या समजल्या जातात. अनुभवी तंत्रज्ञ तोंडाच्या पोकळीवरून फरक ओळखतो: अंकुशकृमीच्या अळीची लांब, स्ट्राँगिलॉइडची आखूड.

लॅबला ‘कॉन्सन्ट्रेशन’ पद्धतीने, म्हणजे जास्त नमुन्यातली अंडी एकवटून, बघायला सांगा. नुसत्या सलाइनमधल्या थेंबात मिलिग्रॅमभर शौच बघितली जाते. गोलकृमीची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, ती तशीही सापडतात. अंकुशकृमीच्या अंड्यांची संख्या त्यामानाने फारच कमी, ती निसटतात. काटो-काट्झ पद्धतीत ४१.७ मिलिग्रॅम शौच मोजून बघतात आणि अंड्यांच्या संख्येला २४ ने गुणून दर ग्रॅमचा आकडा काढतात. यात अंकुशकृमीची अंडी अर्ध्या ते एका तासात ग्लिसरीनमध्ये विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात, त्यामुळे काचपट्टी लगेच वाचावी लागते.

सुतकृमीला रक्तही नको आणि शौचही नको. मादी रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालते. सकाळी मूल उठताच, शौचाला किंवा अंघोळीला जाण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या घड्यांवर दाबून काचपट्टीवर चिकटवा. दुधी रंगाची टेप चालत नाही, अंडी दिसत नाहीत. एका सकाळी निम्मी मुले पकडली जातात, सलग तीन सकाळी केल्यास सुमारे ९० टक्के.

चिठ्ठीवर काय लिहून न्यावे, आणि उपचारांनंतर पुन्हा केव्हा

अँटीबॉडी तपासणीला जाताना या गोष्टी लॅबला लेखी द्या: लक्षणे कधीपासून आहेत, कुठल्या गावात किंवा देशात राहिलात, जंतांचे औषध शेवटचे कधी घेतले, स्टिरॉइड चालू आहे का. रिपोर्टवर तपासणीची पद्धत, किटचे नाव, कट-ऑफ आणि स्वतःचा आकडा छापून मागा. नुसते ‘पॉझिटिव्ह’ घेऊ नका. कट-ऑफ १ असताना आकडा १.१ आला तर तो संशयित समजावा आणि दोन ते चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करावे. आकडा दुसऱ्या वेळी ठळकपणे वाढला तर लागण ताजी आहे. दोन वेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. म्हणून पहिल्या रक्ताचा थोडा सीरम (पेशी काढलेला द्रव) लॅबने उणे २० अंशांवर जपून ठेवला आणि दोन्ही नमुने एकाच दिवशी शेजारी-शेजारी लावले, तर ते सर्वांत खात्रीचे.

उपचारांनंतर आतड्यातल्या जंतांसाठी दोन ते तीन आठवड्यांनी शौच तपासा, पट्टकृमीसाठी एक आणि तीन महिन्यांनी. ईओसिनोफिल औषधानंतर पहिल्या काही दिवसांत उलट वाढू शकतात, जंत मरताना तसे होते, महिनाभराने मोजा. स्ट्राँगिलॉइडची आयजीजी ६ आणि १२ महिन्यांनी करा. नवा आकडा भागिले जुना आकडा ०.६ च्या खाली आला तर जंत गेला असे धरतात. हत्तीरोगात रात्रीचे रक्त बघा, अँटीजेन नको. सिस्टिसर्कस आणि हायडॅटिडच्या अँटीबॉडी गाठ गेल्यावरही वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे त्या पुन्हा करण्यात पैसे घालवू नका: सिस्टिसर्कसला साधारण सहा महिन्यांनी स्कॅन, हायडॅटिडला ठरलेल्या अंतराने सोनोग्राफी.